आरागिरणीतला ‘आरा’ आणि तो ओढणारा आराकस

सिंदेवाहीकडच्या एका वाचकाने विचारलं आहे: “आमच्याकडे लाकूड चिरायच्या गिरणीला आरागिरणी म्हणतात, कोणी आरामशीन म्हणतं. आरा तर बंडीच्या चाकाला असतो. करवतीच्या गिरणीत तो कुठून आला? करवतगिरणी का नाही? आणि आजोबांच्या तोंडी ‘आराकस’ असायचा, तो कोण?”

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण आराकस कळला की बाकीचं आपोआप उलगडतं.

आराकस म्हणजे मोठ्या करवतीने लाकूड चिरणारा माणूस. शब्द फारसीतून आला. फारसीत ‘अर्रह’ म्हणजे करवत आणि ‘कशीदन’ म्हणजे ओढणे. म्हणून अर्रहकश म्हणजे करवत ओढणारा. आपल्या बोलीत श चा स सहज होतो, देशाचा देस होतो, तसा आराकशचा आराकस झाला. त्यातला ‘कस’ म्हणजे अंगातला दम, असं मी पुष्कळांकडून ऐकलं आहे. दम लागायचाच, पण तो अर्थ मागून चिकटवलेला आहे. भरतकामाच्या ‘कशिदा’ या शब्दात तोच ‘कशीदन’ आहे. तिथे दोरा ओढतात, इथे आरा.

‘ओढणारा’ हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. कापणारा नाही, चिरणारा नाही, ओढणारा. हे काम ज्याने पाहिलं त्यानेच हा शब्द घडवला असणार.

माझे मोठेबाबा लहानपणी हे काम पाहत उभे राहायचे. माणूस उभा मावेल एवढा खोल खड्डा खणायचा, त्यावर आडवी लाकडं टाकायची आणि त्यांच्यावर ओंडका ठेवायचा. खड्डा नसेल तर लाकडाची घोडी उभी करून ओंडक्याचं एक टोक उंच करायचं. एक जण ओंडक्यावर चढायचा, दुसरा खाली उतरायचा. दोघांच्या मध्ये उभा आरा, दोन्ही टोकांना मुठी. ओंडक्यावर आधी रंगात भिजवलेलं सूत ताणून रेघ मारलेली असे. मोठेबाबा एका वाक्यात सांगायचे, “वरचा रेघ पाह्यते, खालचा वढते.” वरच्याचं काम आरा उचलायचं आणि रेघेवर ठेवायचं. आऱ्याचे दात खालच्या दिशेला वळलेले असतात, त्यामुळे लाकूड कापलं जातं ते खालच्याने ओढल्यावर. करवत येता-जाता कापते असं आपण म्हणतो, पण हा आरा खाली येतानाच कापतो. त्यात खालच्याच्या अंगाचं सगळं वजन कामी येतं, आणि भुसा खाली गळून वरच्याची रेघ मोकळी राहते. तो भुसा पडायचा खालच्याच्या डोक्यावर, डोळ्यांत, घामाने ओल्या पाठीवर. डोक्याला फडकं गुंडाळून, डोळे बारीक करून तो दिवसभर ओढत राहायचा. आराकस हा शब्द दोघांनाही लागतो, पण मला त्यात आधी खालचाच दिसतो.

चीर लांब गेली की लाकूड मिटायला लागतं आणि आरा अडकतो. म्हणून चिरेत पाचर मारायची. पंचतंत्रातलं माकड आठवा. अर्धवट चिरलेल्या ओंडक्यावर बसून त्याने जी पाचर उपटली, ती हीच.

आता ‘आरा’. मराठीत या रूपाचे दोन शब्द आहेत आणि त्यांचं एकमेकांशी नातं नाही. चाकाचा आरा संस्कृत ‘अर’ वरून आला. चाकाच्या मधल्या तुंब्यातून निघून कडेच्या लाकडी पुठ्ठ्यांत बसणारे ते आरे. लाकूड चिरायचा आरा फारसी ‘अर्रह’ वरून. संस्कृतात आणखी एक ‘आरा’ आहे, त्याचा अर्थ टोचा. चपला शिवायची आपली आरी ती. काही जण मोठ्या आऱ्याचं मूळ याच टोच्यात शोधतात. मला ते पटत नाही. टोचा भोक पाडतो, चिरत नाही. शिवाय आराकस हा जोडशब्द दोन्ही भागांसकट फारसीत जसाच्या तसा आहे. अर्थ, रूप आणि जोड तिन्ही तिथे जुळत असताना वाकडी वाट कशाला धरायची?

करवत मात्र अस्सल घरची. संस्कृत ‘करपत्र’, प्राकृत ‘करवत्त’, मग करवत. कर म्हणजे हात, पत्र म्हणजे पातं. तिचे दात तर आपल्याकडे कापडावरही उतरले आहेत. विदर्भातल्या कोशाच्या करवतकाठी साड्यांच्या काठावर तीच नक्षी असते.

मग करवतगिरणी का नाही? करवत सुताराच्या हातातली, एकट्याने चालवायची. अख्खा ओंडका चिरायचा तो आरा, त्याला दोन माणसं लागत. गिरणी आली तिने सुताराचं काम घेतलं नाही, आराकसाचं घेतलं. म्हणून नावही त्याच्या हत्याराचं मिळालं. सुताराची गोष्टही तशीच आहे. सुतार हा ‘सूत्रधार’पासून, म्हणजे सूत धरणारा. एक सूत धरतो, दुसरा आरा ओढतो. दोन्ही नावं हातातल्या कामावरून पडली.

करवतीला संस्कृतात ‘क्रकच’ असाही एक शब्द आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) ‘क्रकचव्यवहार’ नावाचं प्रकरणच आहे, लाकूड चिरण्याच्या हिशेबाचं. त्यातलं उदाहरण असं: ओंडका बुडाशी 20 अंगुळं जाड, शेंड्याशी 16, लांबी 100 अंगुळं, त्यात चार चिरा पाडायच्या, तर काम किती? जाडीची सरासरी 18, तिला लांबीने आणि चिरांनी गुणलं की 7200. हात 24 अंगुळांचा, चौरस हात 24 गुणिले 24 म्हणजे 576 अंगुळांचा, म्हणून 576 ने भागायचं. उत्तर साडेबारा चौरस हात. मोजलं आहे ते चिरेचं क्षेत्रफळ, लाकडाचं घनफळ नव्हे. मजुरी कारागिरांशी ठरवून, लाकूड मऊ की कठीण ते पाहून द्यावी, असंही तिथे म्हटलं आहे. सावरीचा ओंडका आणि धावड्याचा ओंडका यांना एकच भाव लावता येत नाही, हे आपल्या झाडीपट्टीत कोणीही सांगेल.

याच वाचकाने एक फिरता संदेशही पाठवला आहे, की इंग्रजी ‘अंडरडॉग’ हा शब्द खड्ड्यातल्या खालच्या माणसावरून आला. ते खरं नाही. तो शब्द 19व्या शतकात कुत्र्यांच्या झुंजीतून आला, खाली पडलेला तो अंडरडॉग. खड्ड्यातून इंग्रजीत खरोखर वर आलेला शब्द ‘टॉप सॉयर’. ओंडक्यावर उभा राहणारा तो, आणि त्यावरून बडी असामी. वरच्याच्या नावाचा वाक्प्रचार झाला, खालच्याचा नाही.

जुन्या घराच्या माळ्याची फळी हाती आली तर उजेडात तिरकी धरून पाहा. गोल पात्याच्या मशीनने चिरलेल्या फळीवर कमानीसारख्या रेघा असतात. हाताने चिरलेल्या फळीवर त्या सरळ पण कमी-जास्त अंतराच्या, किंचित कललेल्या दिसतात. आमच्या जुन्या घरातल्या एका सागाच्या फळीवर मध्यावर कलच बदलतो. अर्ध्या रेघा एका बाजूला झुकलेल्या, अर्ध्या दुसऱ्या. तिथे ओंडका फिरवून दुसऱ्या टोकाकडून चिरायला घेतला होता. दोन चिरा जिथे भेटल्या तिथे बोटभर लाकूड चिरलेलं नाही, फाटलेलं आहे.