रामायण नंतर सांगा

प्रश्न : वेर्ण्याला औषध कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज आहे. सकाळी हॅन्डओव्हर देताना सर सारखे घड्याळ बघतात. माझं नेहमीचं बोलणं सोबत लिहून पाठवलंय. कुठे चुकतंय?

वाचलं. "सर, रात्री काय झालं, दीडच्या सुमाराला तीन नंबरचा आवाज यायला लागला, ऑपरेटर म्हणाला बेअरिंग असेल, मग ग्रीस मारून पाहिलं, तरी..." मशीन बंद पडलंय हे सरांना नवव्या वाक्यात कळतं! आपण घडलं त्या क्रमानं सांगत जातो. ऐकणाऱ्याला शेवट आधी हवा असतो. असं म्हणून बघा : "सर, तीन नंबर पहाटे ४ पासून बंद आहे. बॅच होल्डवर ठेवलीय. मेंटेनन्सवाले साडेआठला येतायत. क्यूएचा (गुणवत्ता विभागाचा) माणूस लवकर हवाय, तुम्ही फोन कराल?" झालं, पंधरा सेकंद. ग्रीसची गोष्ट ते विचारतील तेव्हा. आणि विचारतीलच, म्हणून लॉगबुकात ती वेळेसकट असू द्या.

प्रश्न : मूळची कोल्हापूरची, पणजीतल्या ऑफिसात नवी आहे. मिटिंगमध्ये "हे बुधवारपर्यंत होणार नाही" म्हटलं तर सगळे गप्प. नंतर सीनियर बाई म्हणाल्या, "इतकं तोडून बोलू नकोस." गोव्यात सरळ बोललेलं चालत नाही का?

चालतं की. पण तुमचं वाक्य नकारावरच थांबलं, म्हणून ते तोडल्यासारखं वाटलं. "बुधवारी नाही होणार, शुक्रवारी दुपारी देते. बुधवारीच हवं असेल तर पहिला भाग देता येईल." यात नकार तेवढाच स्पष्ट आहे, फक्त समोरच्याला पुढे काय करायचं ते कळतं. कामाआधी "च्या घेतली?" (चहा झाला का?) विचारायला लागणारे दहा सेकंदही वाचवू नका, इथे ते कामातच धरतात.

उलट बाजूही शिकून घ्या. कुणी हसून "पळोवया" (कोकणीत 'बघूया') म्हणालं, तर तो बहुतेक वेळा नकार असतो. लगेच विचारायचं, "मग सोमवारी येऊ?" अशा एका "पळोवया"च्या भरवशावर मी तीन आठवडे प्रिंटरची वाट पाहिली आहे. तो काही आला नाही.

(तुमचं ते बुधवारचं वाक्य एखाद्या पुरुषानं म्हटलं असतं तर त्याला स्पष्टवक्ता म्हणाले असते. तेवढा दोष स्वतःकडे घेऊ नका.)

प्रश्न : ईमेल किती लांब असावी? – डिचोलीचा वाचक

मोबाईलच्या एका स्क्रीनवर मावेल इतकी. ऐन युद्धात, ९ ऑगस्ट १९४० रोजी, चर्चिलनी सहकाऱ्यांना टिपण धाडलं होतं : अहवाल थोडक्यात लिहा, मुद्दे छोट्या परिच्छेदांत मांडा, आकडेवारी परिशिष्टात टाका. टिपण स्वतः एका पानाचंच होतं. आणि विषयाच्या ओळीत "महत्त्वाचे" कशाला? "शुक्रवारपर्यंत सही हवी" असं लिहा. निम्म्या लोकांना ईमेल उघडावीच लागणार नाही.