कुणी वाईट बातमी सांगितली की इंग्रजीत काय लिहायचं?

इंग्रजीची भीती घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात आणि त्यात हा प्रश्न हमखास निघतो, की समोरच्याने काही वाईट सांगितलं तर इंग्रजीत नेमकं बोलायचं काय. अलीकडचीच एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

तिशीतला मुलगा, आयटीत काम करणारा. टीममधल्या एका मुलीचे वडील अचानक गेले, तिने ग्रुपवर कळवलं आणि खाली भराभर इंग्रजीत मेसेज येत गेले, सगळे एकदम व्यवस्थित. ह्याने टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं आणि शेवटी काहीच पाठवलं नाही. चार-पाच दिवस असेच गेले. "मॅडम, आता कुठल्या तोंडाने लिहू, तिला वाटत असेल ह्याला काही घेणंदेणंच नाही."

मी म्हटलं, जे लिहिलं होतं ते दाखवा. एक नेटवरून उचललेला, 'प्लीज अ‍ॅक्सेप्ट माय हार्टफेल्ट कन्डोलन्सेस ऑन द सॅड डिमाइज ऑफ युअर फादर'. औपचारिक पत्रात चालून जाईल, पण रोज शेजारी बसून काम करणाऱ्या माणसाचं बोलणं असं नसतं. दुसरा भलामोठा, त्यात उशिराबद्दल माफी, माझं इंग्लिश कच्चं आहे, मला खूप गिल्टी वाटतंय, झोप येत नाही वगैरे. हा मात्र अजिबात पाठवू नका असं मी स्पष्टच सांगितलं, कारण तो वाचून तिलाच ह्याची समजूत काढत बसावं लागलं असतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुझन सिल्क यांनी बॅरी गोल्डमन यांच्यासोबत २०१३ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्समध्ये हे फार छान मांडलंय. ज्याच्यावर संकट आलंय तो मधोमध, भोवती वर्तुळं, जवळची माणसं आतल्या वर्तुळात आणि लांबची बाहेरच्या. आतल्या माणसाला फक्त आधार द्यायचा, स्वतःची घालमेल सांगायची ती आपल्यापेक्षा बाहेर असलेल्याला. तो आपली घालमेल माझ्याकडे घेऊन आला हे बरंच झालं.

मग इंग्रजी बाजूला ठेवून मी विचारलं, तिच्या वडिलांबद्दल काही आठवतंय का? जरा वेळाने म्हणाला, हो, तिला बुद्धिबळ त्यांनीच शिकवलं, एकदा सांगत होती. आणि ह्या आठवड्यात तिचं कुठलं काम तुम्ही उचलू शकता? क्लायंट कॉल. बस, मेसेज तयार झाला: 'आय अ‍ॅम सो सॉरी अबाउट युअर डॅड. आय रिमेंबर यू टेलिंग मी ही टॉट यू चेस. आय विल टेक द क्लायंट कॉल्स धिस वीक. नो नीड टू रिप्लाय.' शाळेतलं इंग्रजी आहे हे, पण ते दुसऱ्या कुणी लिहूच शकलं नसतं. 'लेट मी नो इफ यू नीड एनिथिंग' मी मुद्दाम काढायला लावलं, काय हवंय ते शोधून मागायचं काम त्यात परत तिच्याच गळ्यात पडतं.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांनाच कळकळीने सांगते, 'अ‍ॅट लीस्ट'ने सुरुवात करू नका. अ‍ॅट लीस्ट फार हाल झाले नाहीत, अ‍ॅट लीस्ट वय झालं होतं... बोलणाऱ्याला वाटतं आपण धीर दिला, ऐकणाऱ्याला वाटतं ह्यांच्या लेखी माझं दुःख एवढंसंच. 'आय नो हाऊ यू फील' पण नको, त्यानंतर गाडी आपल्याच गोष्टीवर येते. आणि कन्डोलन्सेस फक्त कुणी गेल्यावर. नोकरी गेली, लग्न मोडलं तर 'दॅट साउंड्स रियली हार्ड, आय अ‍ॅम सॉरी' पुरतं. मोठ्या आजाराचं निदान झालं असेल तर 'गेट वेल सून'पेक्षा 'थँक यू फॉर टेलिंग मी, आय अ‍ॅम हिअर' बरं, आणि मग गप्प बसून ऐकायचं.

मेसेज त्याने माझ्यासमोरच पाठवला. पुढच्या सेशनला विचारत होता, ती परत जॉइन झाल्यावर हा विषय काढू की नको, तिला आठवण करून दिल्यासारखं होईल. मी म्हटलं, ती विसरलेली नाहीये, पहिल्या दिवशी 'इट्स गुड टू सी यू' म्हणा, आणि महिना-दोन महिन्यांनी, सगळ्यांचे मेसेज थांबलेले असतील तेव्हा, 'हाऊ हॅव यू बीन?' असं एकटीला विचारा, ग्रुपवर नको.