स्कीमा टाकला की पहिला नंबर लागतो का?

प्रश्न: वर्डप्रेसवर माझी मराठी रेसिपींची साइट आहे. गुगलवर दुसऱ्यांच्या रेसिपीला फोटो, स्टार, किती वेळ लागेल असं सगळं दिसतं, माझी मात्र नुसती लिंक. एक डेव्हलपर म्हणतोय स्कीमा टाकून देतो, पहिल्या नंबरवर याल. पैसे बरेच मागतोय, द्यावेत का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: पहिल्या नंबरची गॅरंटी देणाऱ्याला आधी लांब ठेवा, मग पुढचं बोलू. स्कीमा, म्हणजे पानावरची माहिती ठरावीक नावं देऊन मशीनसाठी लिहिलेला कोड (यालाच स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात), टाकला म्हणून रँकिंग, म्हणजे गुगलवरचा नंबर, वर जात नाही. पानावर तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे पदार्थाचं नाव, फोटो, साहित्य, वेळ, ते मशीनला गोंधळ न होता कळतं, एवढंच त्याचं काम. तसं कळलं की तो फोटोवाला मोठा रिझल्ट (रिच रिझल्ट) मिळायला तुम्ही पात्र होता, आणि पात्र झालात म्हणजे मिळेलच असंही नाही, ते गुगलच्या मर्जीवर. मिळाला तर लोकांचं लक्ष जातं, क्लिक वाढू शकतात, म्हणून करावं जरूर. कोडमध्ये माहितीला द्यायची ही सगळी नावं स्कीमा डॉट ऑर्गच्या यादीतली, २०११ मध्ये गुगल, बिंग आणि याहूनं मिळून सुरू केलेलं, त्यामुळे एकदा केलेलं काम बिंगलाही उपयोगी पडतं.

आणि यासाठी डेव्हलपर कशाला? डब्ल्यूपी रेसिपी मेकरसारखं प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, फुकटात मिळतं, त्यात रकाने भरले की जेसन-एलडीचा (स्कीमा लिहायची एक पद्धत) कोड ते स्वतःच पानात घालतं. गुगलला रेसिपीसाठी सक्तीचं म्हणाल तर नाव आणि फोटो, बाकी तयारीचा वेळ, शिजवायचा वेळ, किती जणांना पुरेल, कृती वगैरे दिलेलं बरं. फक्त एक बघा, साइटचं रूप ठरवणारी थीमही स्कीमा टाकते आणि प्लगिनही टाकतं असं बऱ्याचदा होतं आणि एकाच पदार्थाचा वेळ कोडमध्ये दोन ठिकाणी वेगवेगळा जातो, मग त्यातलं एक बंद करायचं.

हातानं कोड लिहिणार असाल तर आपल्या मराठीवाल्यांची खास गडबड सांगते. नाव, साहित्य, कृती खुशाल मराठीत लिहा, काही अडत नाही, पण वेळ, किंमत, तारीख यातले आकडे इंग्रजीच हवेत, देवनागरी ४५ मशीन वाचत नाही. दुसरं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप नाहीतर वर्डमधून कॉपी केलेल्या कोडमधली अवतरणचिन्हं वाकडी झालेली असतात, तेवढ्यानं अख्खा कोड बाद. म्हणून गुगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये पानाची लिंक टाकून बघायचंच, फुकट आहे, चूक कुठंय ते दाखवतं. नंतर सर्च कन्सोलवर, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनावर, लक्ष ठेवा आणि जरा दम धरा, गुगल पान परत वाचेपर्यंत काही दिवस जातात, कधी त्याहून जास्त.

स्टारचा मोह मात्र आवरा. पानावर कुणी रेटिंग दिलेलंच नाही आणि कोडमध्ये ४.९, दोनशे मतं, असले उद्योग सर्रास चालतात. सापडलं तर मॅन्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे गुगलची शिक्षा येते आणि फोटो-स्टारवाला रिझल्ट मिळायचा हक्कच जातो. जे वाचकाला पानावर दिसत नाही ते कोडमध्ये घालायचंच नाही.

प्रश्न: मालवणजवळ आमचा होमस्टे आहे. पाहुण्यांचे खरे अभिप्राय साइटवर आहेत, रेटिंगचा कोडही टाकलाय, टेस्टमध्ये एरर नाही, तरी स्टार दिसत नाहीत. एफएक्यू (नेहमीच्या प्रश्नोत्तरांचा कोड) पण टाकलंय, तेही दिसत नाही.

उत्तर: दिसणारही नाहीत, तुमची चूक काही नाही. आपल्याच धंद्याचे रिव्ह्यू आपल्याच साइटवर, असे स्टार दाखवणं गुगलनं सप्टेंबर २०१९ मध्येच बंद केलं. मॅपवर दिसतात ते स्टार गुगल बिझनेस प्रोफाइलमधून, म्हणजे गुगलवरच्या तुमच्या धंद्याच्या नोंदीतून येतात, तेव्हा खूश होऊन निघालेल्या पाहुण्याला तिथं लिहायला सांगा. एफएक्यूचं म्हणाल तर ऑगस्ट २०२३ मध्ये गुगलनं ते नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्याच्या साइटपुरतंच ठेवलं. प्रश्नोत्तरं पानावर राहू द्या, बुकिंग करणारा वाचतोच की, नुसत्या कोडसाठी वेळ घालवू नका. त्यापेक्षा होमस्टेचं नाव, पत्ता, फोन स्कीमात घाला आणि बिझनेस प्रोफाइलवर आहे अगदी तसंच घाला, एकीकडे जुना नंबर आणि दुसरीकडे नवा असं नको.