बाक्या खालून वर का वाचायच्या, आणि हेक्ससाठी दशमानाचा फेरा का नको

तुमचे प्रश्न दोन आहेत. दशमान संख्येची बायनरी, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून केलेली मांडणी, काढायला तिला दोनने भागत गेल्यावर बाक्या खालून वर का लिहायच्या, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, नुसतं पाठ करायला लावलंय. आणि हेक्सची, म्हणजे पाया १६ असलेल्या संख्येची, बायनरी करताना तुम्ही आधी दशमान काढता, मग तिला दोनने भागत बसता आणि मध्येच कुठेतरी चूक होते. दुसऱ्याचं उत्तर एवढंच, की तिथे दशमानात जाऊच नका. पण पहिलं समजलं की दुसऱ्याचं कारणही कळतं, म्हणून आधी तेच घेतो.

बायनरी क्षणभर बाजूला ठेवा आणि ४७२ ला १० ने भागा. बाकी २, भागाकार ४७. ही बाकी म्हणजे एककाचा अंक. ४७ ला परत भागा, बाकी ७, हा दशकाचा. उरला ४, तो शतकाचा. म्हणजे भागत गेलं की अंक उजव्या टोकापासून एकेक सुटे होतात. पहिली बाकी नेहमी एककाची, म्हणून ती सर्वांत उजवीकडे. पाया १० असो, २ असो की १६, यात काहीही बदलत नाही.

आता १८१ ला २ ने भागा. भागाकार ९०, ४५, २२, ११, ५, २, १, ० असे येतात आणि बाक्या १, ०, १, ०, १, १, ०, १. खालून वर वाचलं की १०११०१०१. वरून खाली लिहिलंत तर १०१०११०१ होईल, आणि ती १७३ आहे.

परत दशमानात यायला १२८, ६४, ३२ अशा स्थानिक किमती मांडून बेरीज करतात. ती रीत बरोबरच आहे, पण मला दुसरी जास्त आवडते. डावीकडून सुरू करा. हातातली संख्या दुप्पट करा आणि पुढचा अंक मिळवा. १०११०१०१ साठी १, २, ५, ११, २२, ४५, ९०, १८१. हे आकडे वरच्या भागाकारांशी ताडून पाहा. तीच साखळी, फक्त उलट दिशेने. जाताना निम्मं करून बाकी बाजूला काढली, येताना दुप्पट करून तीच बाकी परत घातली. मला स्वतःला हे दिसलं त्या दिवसापासून ही रीत पाठ ठेवावी लागली नाही.

थोडं विषयांतर करतो. पिंगल या प्राचीन ग्रंथकाराच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या प्रस्तारातली, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांच्या सगळ्या शक्य रचनांच्या यादीतली, अमुक क्रमांकाची ओळ कोणती, हे शोधायला ‘नष्ट’ नावाची रीत आहे. क्रमांक सम असेल तर निम्मा करून लघु लिहायचा. विषम असेल तर एक मिळवून निम्मा करायचा आणि गुरू लिहायचा. तिथे उत्तर उलटं वाचावं लागत नाही, कारण प्रस्तारात सर्वांत भरभर बदलणारं अक्षर सुरुवातीला असतं. आपल्या संख्यांत ते शेवटी, एककाच्या जागी असतं. उलटं वाचणं ही फक्त लिहिण्याच्या दिशेची गोष्ट आहे, गणिताची नव्हे.

आता हेक्स. १६ म्हणजे २ चा चौथा घात. त्यामुळे हेक्सचा एक अंक म्हणजे बायनरीचे बरोबर चार अंक, ना कमी ना जास्त. १०११०१०१ चे १०११ आणि ०१०१ असे दोन गट पाडा. चार जागांच्या ८-४-२-१ या किमतींनी मोजलं तर पहिला ११ म्हणजे बी (हेक्समध्ये १० ते १५ साठी ए ते एफ ही अक्षरं वापरतात), दुसरा ५. उत्तर बी५. इथे भागाकार लागतच नाही. १० हा २ चा घात नाही, त्यात ५ हा अवयव आहे, म्हणून दशमानासाठी असे गट पडत नाहीत आणि तिथे भागाकार किंवा दुप्पट करत जाणं असा हिशेब करावाच लागतो.

सोळा गट घोकू नका. ए म्हणजे १०१०, सी म्हणजे ११००, एफ म्हणजे ११११, एवढे तीन लक्षात ठेवा. बी हा ए च्या पुढचा, डी हा सी च्या पुढचा, ई हा एफ च्या अलीकडचा.

चुका दोनच ठिकाणी होतात, आणि तुमच्याही बहुधा तिथेच होत असाव्यात. पहिली, गट डावीकडून पाडणं. ११०११०१ चे डावीकडून गट केले तर ११०१ आणि १०१, म्हणजे डी५ येईल, ती २१३ झाली. उजवीकडून केले तर ११० आणि ११०१, म्हणजे ६डी, आणि १०९ हे खरं उत्तर. कमी पडणारं शून्य फक्त डाव्या टोकाला लावायचं. दुसरी, मधली शून्यं गाळणं. ए०५ म्हणजे १०१० ०००० ०१०१, दशमानात २५६५. मधल्या शून्याचे चारही अंक लिहिले नाहीत तर ए५ उरतं, म्हणजे १६५.

दशमान संख्या मोठी असेल तर बायनरीसाठीसुद्धा मी १६ नेच भागतो. ३००० ला १६ ने भागलं की १८७, बाकी ८. मग ११, बाकी ११. मग ०, बाकी ११. खालून वर बीबी८, लगेच १०११ १०११ १०००. तीन भागाकार पुरले. दोनने भागलं असतं तर बारा लागले असते.

अपूर्णांकाला मात्र भागायचं नाही, गुणायचं. ०.६२५ ची दुप्पट १.२५, पूर्णांक १ बाजूला, ०.२५ ची ०.५, म्हणून ०, ०.५ ची १, म्हणून १. उत्तर ०.१०१, आणि इथे वरून खालीच लिहायचं, कारण अंक बिंदूला लागून असलेल्या जागेपासून सुटे होतात. ०.१ घेऊन बघा. ०.२, ०.४, ०.८, १.६, १.२ आणि पुन्हा ०.२ वर येऊन चक्र सुरू. तिची बायनरी कधी संपतच नाही, ०.०००११००११ अशी चालत राहते. म्हणून अशा संख्येला ‘इतक्या अंकांपर्यंत’ असं सांगितलेलं असतं, तिथे थांबायचं.