नेट गेलं, आता कुलूप?

प्रश्न : लेकाने घरात मोबाइलवर चालणारे दिवे आणि कॅमेरा बसवला. परवा नेट गेलं तर कॅमेऱ्यातलं काहीच दिसेना. आता दाराचं कुलूपही तसलंच घ्यायचं म्हणतोय. घेऊ द्यावं का?
– एक आजी, नाशिक

उत्तर : घेऊ द्या आजी, पण किल्लीचं भोक असलेलंच.

तुम्ही सोफ्यावर बसून मोबाइलवरून दिवा लावता, तेव्हा तो हुकूम बरेचदा आधी कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्या मोठ्या संगणकावर जातो आणि तिथून दहा फुटांवरच्या दिव्याकडे येतो. शेजारच्या खोलीत हाक मारायला दिल्लीला ट्रंककॉल लावावा, तसं!

नेट संध्याकाळी परत येतं हो. कंपनीनेच गाशा गुंडाळला तर? अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा, घरातली उपकरणं एकत्र जोडणारा डबा ३०० डॉलरला मिळायचा. २०१४ साली गूगलच्या नेस्ट कंपनीने तो बनवणारी कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवाच बंद केली. धडधाकट डबे निकामी झाले.

माझ्या गिझरलाही असाच मोबाइलवर चालणारा प्लग होता. एक दिवस ॲपचं लॉगिनच होईना, ते कायमचं. महिनाभर प्लगच्या कडेचं बारीक बटण पेन्सिलीच्या टोकाने दाबून पाणी तापवलं. शेवटी बायकोने इलेक्ट्रिशियनला बोलावून साधा स्विच लावून घेतला. मला न विचारता.

कॅमेरा मेमरी कार्ड घालता येणारा असेल तर कार्ड घाला, म्हणजे नेट गेलं तरी चित्रण बहुधा कार्डात साठत राहील. कुलपाचं म्हणाल, तर पैसे देण्याआधी लेकाला दुकानदारासमोर वायफाय बंद करून ते उघडून बघायला सांगा. आणि दोन किल्ल्यांपैकी एक शेजारी ठेवा.