हात लावायचा की नाही? : संशोधन प्रयोगशाळेतल्या उमेदवारीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत दोन आठवडे शॅडोइंगची, म्हणजे संशोधकांचं काम जवळून पाहण्याची, परवानगी मिळाली आहे. पत्रात मात्र ‘उपकरणांना व रसायनांना हात लावू नये’ असं लिहिलंय. मग नुसतं उभं राहून काय शिकणार?
– पदवीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : शॅडोइंग आणि इंटर्नशिप यांच्यातली रेघ नेमकी इथेच आखलेली असते. शॅडोइंगला आलेला विद्यार्थी हा पाहुणा. त्याचं सुरक्षा प्रशिक्षण झालेलं नसतं आणि इजा झाली तर विम्याचं संरक्षणही बहुधा नसतं. इंटर्न हा लॅबचा तात्पुरता सदस्य. त्याची नोंदणी होते, प्रशिक्षण होतं, कामावर लक्ष ठेवायला एक व्यक्ती नेमलेली असते. म्हणून एखाद्या उत्साही पीएचडी विद्यार्थ्याने ‘घे, एकदा करून बघ’ म्हणत पिपेट (द्रव मोजून घेण्याचं साधन) पुढे केलं, तरी नाही म्हणा. काही बिनसलं तर तुमच्याइतकाच तोही अडचणीत येईल.

आणि पाहण्यासारखं खूप असतं, फक्त कुठे पाहायचं ते माहीत हवं. मायक्रोपिपेट, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून घेणारं बटणाचं पिपेट, वापरणाऱ्याच्या अंगठ्याकडे बघा. बटण दाबताना दोन थांबे लागतात. द्रव ओढताना पहिल्या थांब्यापर्यंतच दाबायचं, टिप (पिपेटच्या टोकाला बसवलेली निमुळती नळी) दोन-तीन मिलिमीटर बुडवायची आणि बटण सावकाश सोडायचं. द्रव बाहेर काढताना आधी पहिला थांबा, मग दुसरा, म्हणजे टिपेत अडकलेला शेवटचा थेंबही निघतो. नवखा माणूस ओढतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबतो आणि ठरल्यापेक्षा जास्त द्रव घेतो. बटण झटकन सोडलं तर बुडबुडा शिरतो आणि माप कमी भरतं. प्रयोग ‘आला नाही’ याचं कारण कित्येकदा एवढंच असतं. सेंट्रिफ्यूज (नमुने वेगाने फिरवून त्यांतले घटक वेगळे करणारं यंत्र) लावतानाही थांबून बघा. नमुन्याची नळी एकच असेल, तर तिच्या बरोबर समोर तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी ठेवतात. नळ्या धरून मिनिटाला हजारो फेरे घेणारा रोटर थोड्याशा असमतोलानेही हादरू लागतो.

प्रश्न सुचतील तसे वहीत टिपा, पण विचारा नमुने इनक्युबेटरमध्ये (ठराविक तापमान राखणाऱ्या पेटीत) गेल्यावर. कोणी ९६ खाचांची प्लेट भरत असताना मध्येच बोललात, तर कुठली खाच भरली आणि कुठली राहिली हे त्याला आठवणार नाही.

प्रश्न : इंटर्नशिपसाठी किती आधी लिहावं? दोन आठवड्यांवर सुट्टी आली आहे.

उत्तर : दोन आठवडे फार कमी. निदान दोन-तीन महिने हाताशी ठेवा. प्राध्यापकांचा होकार ही सुरुवात असते. त्यानंतर नोंदणी, महाविद्यालयाचं पत्र, सुरक्षा प्रशिक्षण आणि ओळखपत्र. लॅबमध्ये मानवी रक्त किंवा ऊती हाताळत असतील तर हिपॅटायटिस बीची लस विचारतात, आणि तिच्या तीन मात्रांचं नेहमीचं वेळापत्रक सहा महिन्यांचं असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांना नैतिक समितीची मंजुरी लागते आणि प्राणी हाताळणाऱ्यांची नावं तिच्याकडे नोंदवावी लागतात. तुमचं नाव नोंदवलेलं नसेल तर प्राध्यापकांची कितीही इच्छा असली तरी ते तुम्हाला पिंजऱ्याजवळ जाऊ देणार नाहीत.

ईमेल सात-आठ ओळींचा पुरे. तारखा, आठवड्याला किती तास देऊ शकता, कोणते प्रयोग स्वतः केले आहेत, आणि त्यांच्या कोणत्या शोधनिबंधातली कोणती गोष्ट तुम्हाला ओढून घेते. हे शेवटचं वाक्य मनापासून लिहा. एकच मजकूर ४० जणांना पाठवला की तो पहिल्या ओळीतच ओळखू येतो. वय १८ पेक्षा कमी असेल तर तेही आधीच सांगा. पालकांची लेखी संमती लागते आणि धोकादायक जंतू, किरणोत्सारी पदार्थ अशी कामं बहुतेक ठिकाणी वर्ज्य असतात.

प्रश्न : पहिल्याच दिवशी उघड्या चपलांमुळे मला दारातून परत पाठवलं. हा अतिरेक नाही का? हातमोजे तर सगळे घालतातच.

उत्तर : अतिरेक नाही. काचेचा तुकडा, सुई, आम्ल, सगळं पडतं ते पायावर. बंद बूट, पूर्ण पँट, बांधलेले केस आणि सुती लॅब कोट हे किमान. कृत्रिम धाग्याचे कपडे पेट घेताना वितळून कातडीला चिकटतात. २००८ च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हवेत आपोआप पेटणारं रसायन सिरिंजने घेताना एका २३ वर्षांच्या संशोधन सहायिकेच्या अंगावर उडालं. तिच्या अंगात लॅब कोट नव्हता, स्वेटर कृत्रिम धाग्याचा होता. काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला. असा माणूस पुन्हा गमवायचा नाही, म्हणून दारात अडवतात.

हातमोज्यांवर मात्र भाबडा विश्वास नको. निळे नायट्राइलचे मोजे पाण्यातल्या द्रावणांना चांगले, पण अ‍ॅसिटोन किंवा डायक्लोरोमिथेनसारखं द्रावक त्यांतून काही मिनिटांतच आरपार जातं. थेंब पडला की मोजा लगेच काढा, हात धुवा, नवा घाला. कोणत्या रसायनाला कोणता मोजा हे त्याच्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या आठव्या विभागात असतं. पत्रकाचे १६ विभाग ठरलेले असतात, त्यांतले पहिले आठ तरी काम सुरू करण्यापूर्वी वाचा. मोजे घातलेल्या हाताने दाराची मूठ, फोन, स्वतःचा चष्मा यांना शिवू नका. त्या मुठीला नंतर कोणीतरी उघड्या हाताने धरणार आहे.

प्रश्न : रविवारी लॅब रिकामी असते. किल्ली मिळाली तर काम उरकता येईल का?

उत्तर : नाही. इंटर्नने एकट्याने काम करायचं नाही, आणि द्रव नायट्रोजन असेल तिथे तर मुळीच नाही. त्याचं तापमान उणे १९६ अंश सेल्सियस, पण अतिथंडीने कातडी भाजण्याइतकाच दुसरा धोका गुदमरण्याचा आहे. एक लिटर द्रवाचा साधारण ७०० लिटर वायू होतो आणि बंद खोलीतला प्राणवायू मागे सारतो. वास येत नाही, ठसका लागत नाही. माणूस कोसळतो, आणि पाहायला कोणी नसतं.

प्रश्न : तीन महिने काम केलं. लॅब नोटबुक घरी नेऊ देत नाहीत, आणि शोधनिबंधात नाव येईल का तेही सांगत नाहीत.

उत्तर : नोटबुक लॅबची मालमत्ता आहे, ती तिथेच राहते. शाईने लिहा, तारीख घाला, चुकलं तर एकच रेघ मारून बाजूला सही करा. खाली काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे. पान फाडायचं नाही. हातच्या चिठोऱ्यावर लिहून ‘संध्याकाळी नीट उतरवू’ म्हणणाऱ्यांच्या नोंदीत हटकून एखादा आकडा हरवतो. फोटो काढण्यापूर्वी विचारा. अप्रकाशित निकाल बाहेर गेले तर पेटंटचा हक्कही जाऊ शकतो.

नावाचं म्हणाल, तर दिलेल्या सूचनेबरहुकूम नमुने भरण्याबद्दल सहसा आभारात उल्लेख होतो. लेखक म्हणून नाव येण्यासाठी प्रयोगाची आखणी, निष्कर्षांचं विश्लेषण यांत खरा वाटा हवा, मसुद्यावर काम हवं आणि छापलेल्या मजकुराची जबाबदारी घ्यावी लागते. हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच विचारायला हवा होता, आणि तो विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. आता गाईडना भेटा, केलेल्या प्रयोगांची तारीखवार यादी सोबत न्या. ती यादी त्याच नोटबुकमधून काढता येईल.