बोर्श, बोर्श्ट आणि 'रशियन सूप'

प्रश्न असा आला आहे : "एका रशियन कथेचा इंग्रजीवरून अनुवाद करते आहे. तळटीपेत 'बोर्श्ट : बीटाचं रशियन सूप' असं लिहिलं होतं. संपादकांनी 'रशियन' खोडून 'युक्रेनियन' केलं. बरोबर कोण? आणि शब्द लिहायचा कसा : बोर्श्ट, बोर्श्त की बोर्श?"

लेखनाचं आधी सांगते, ते लवकर उरकेल. शेवटचा 'ट' काढून टाका. रशियन आणि युक्रेनियन या दोन्ही भाषांत हा शब्द चार अक्षरी आहे आणि त्याचं शेवटचं अक्षरही एकच. युक्रेनियन माणूस ते 'श्च' म्हणतो, रशियन माणूस मऊ, लांबवलेला 'श्श'. पोलिशमध्ये 'बार्श्च' होतं. 'ट' यातल्या कोणाचाच नाही. तो यिडिशचा. पूर्व युरोपातून अमेरिकेत गेलेल्या यिडिशभाषक ज्यूंबरोबर शब्द इंग्रजीत शिरला आणि शेपटीसकट तिथे रुजला. तुम्ही इंग्रजीवरून अनुवाद करताय म्हणून ती शेपटी तुमच्यापर्यंत आली. 'बोर्श्च' लिहिलंत तर युक्रेनियन उच्चाराच्या जवळ जाल. पण शब्दाच्या अखेरीस र, श, च असं लागोपाठ म्हणणं मराठी जिभेला जड जातं. मी 'बोर्श' लिहीन.

आता भांडणाचा भाग.

शब्दाच्या मुळाशी बीट नाहीच. 'बोर्श' हे एका रानटी झाडाचं नाव होतं. गाजर-कोथिंबिरीच्या कुळातलं, ओलसर कुरणांत वाढणारं झाड. त्याची पानं-देठं आंबवायची आणि त्या आंबट पाण्यात शिजवायचं, हे जुनं बोर्श. पोलिशमध्ये त्या झाडाला आजही बार्श्चच म्हणतात, आणि रशियनमध्ये 'बर्श्शेविक'. (त्याच कुळातला एक राक्षसी भाऊबंद हल्ली पूर्व युरोपात माजला आहे. त्याचा रस अंगाला लागून ऊन पडलं की कातडी भाजते. सूप करायला निघालेल्यांनी जपून.) पुढे झाड मागे पडलं, आंबटपणा राहिला, आणि बीट, कोबी, त्याहून नंतर अमेरिका खंडातून आलेले बटाटा-टोमॅटो भांड्यात येत गेले. म्हणून चुक्याच्या जातीतल्या पानांचं 'हिरवं बोर्श' बीटाशिवाय होतं आणि पोलंडचं 'पांढरं बार्श्च' आंबवलेल्या पिठाच्या पाण्याचं असतं. म्हणजे तुमच्या तळटीपेतला 'बीटाचं' हा शब्दही अर्धाच खरा आहे. तो मात्र चालेल, तुमच्या कथेतलं सूप लाल असेल तर.

आणि देश? १५८४ साली मार्टिन ग्रुनेवेग नावाचा एक जर्मन व्यापारी कीव्हला गेला होता. त्याने लिहून ठेवलं आहे की इथले रुथेनियन लोक बोर्श विकत घेण्याच्या भानगडीत पडत नाहीत, कारण ते त्यांचं रोजचं खाणं-पिणं आहे आणि घरोघर होतं. शब्द स्लाव्ह, गाव कीव्ह, आणि गावावर त्या वेळी राज्य पोलंड-लिथुएनियाचं! 'हे कोणत्या देशाचं?' असं तिथल्या बाईला विचारलं असतं तर तिला प्रश्नच कळला नसता. आजच्या सरहद्दी घेऊन त्या चुलीपाशी गेलं की अशी पंचाईत होते. पण रुथेनियन म्हणजे आजच्या युक्रेनियन आणि बेलारूसी लोकांचे पूर्वज, हेही विसरता येत नाही. 'सगळ्यांचं आहे, सोडून द्या' असं म्हणून मला सुटायचं नाही. बीटाच्या लाल बोर्शचं घर म्हणून बोट ठेवायचं झालं, तर ते नीपर नदीच्या दोन्ही काठांवर, युक्रेनवरच ठेवावं लागेल.

मग 'रशियन' कुठून आलं? एक तर सोव्हिएत काळातून. कारखान्यांच्या, शाळांच्या, सैन्याच्या खानावळींतून बोर्श त्या अवाढव्य देशभर गेलं. अंतराळवीरांसाठी ते टूथपेस्टसारख्या नळीतही भरलं गेलं. त्या काळच्या पाककृतींमध्ये 'मॉस्को बोर्श', 'नौदलाचं बोर्श' आणि 'युक्रेनियन बोर्श' अशी यादी असते. या यादीत मला फार रस आहे. ज्याचं घर, त्यालाच विशेषण लावून यादीतला एक प्रकार करून टाकलं आहे! विशेषण लागलं की बिनविशेषणाचं जे उरतं ते आपोआप मालकाचं होतं. दुसरं कारण आपल्या भाषेतलं. १९९१पर्यंत मराठी बोलण्यात 'रशिया' म्हणजे सबंध सोव्हिएत संघ. ताश्कंदही रशियात आणि कीव्हही रशियात. 'रशियन सूप' हा त्या सवयीचा उरलेला तुकडा आहे.

तुमच्या संपादकांचा रोख बहुधा युनेस्कोच्या नोंदीकडे असावा. १ जुलै २०२२ रोजी, युद्ध सुरू असताना, युनेस्कोने 'युक्रेनियन बोर्श रांधण्याची संस्कृती' तातडीने जपायच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. शब्द नीट वाचा. नोंद रांधण्याच्या रीतीची आहे, पदार्थाच्या जन्माची नाही. अशा नोंदीमुळे कोणाला मालकी मिळत नाही. गाव सोडून पळालेली माणसं ही रीत पुढे कशी चालवणार, ही तिथली काळजी होती. (गंमत म्हणजे नोंदीच्या इंग्रजी नावात तो यिडिश 'ट' आहेच.)

खरं तर मराठीजवळ या सगळ्यासाठी चांगली हत्यारं आहेत, पण आपण इंग्रजीतलं विशेषण उचलून मोकळे होतो. 'रशियातलं बोर्श' म्हटलं तर फक्त ठिकाण कळतं. त्यावर कीव्हमधलाही कोणी भांडणार नाही. 'रशियन पद्धतीचं' म्हटलं तर करण्याची तऱ्हा. 'रशियाचं' म्हटलं की हक्काचा वास येतो. आणि 'मूळचं रशियन' हा थेट दावा झाला, त्याला पुरावा लागतो. नुसतं 'रशियन सूप' म्हणताना यातलं नेमकं काय म्हणायचंय, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि वाचणारा बहुतेक वेळा शेवटचा अर्थ घेतो. 'युक्रेनियन सूप' म्हणूनही तीच संदिग्धता राहते, फक्त बाजू बदलते.

विशेषणावर विसंबलं की कसं फसायला होतं ते रामेन या शेवयांच्या सूपवरून पाहा. हा पदार्थ आज जपानची ओळख आहे, पण जपानी लोक स्वतःच त्याला 'चूका सोबा', म्हणजे 'चिनी सोबा' (सोबा म्हणजे शेवया), म्हणत आले. नावात चीन, वाडग्यात जपान. 'विशिस्वाज' हे बटाटा आणि लीक कांद्याचं थंड सूप. नावाचा अर्थ 'विशी गावचं'. विशी फ्रान्समध्ये; पण या सूपचं श्रेय सहसा न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातल्या लुई दिआ या फ्रेंच आचाऱ्याला देतात. त्याने आपल्या मुलखाची आठवण म्हणून तसं नाव ठेवलं. या दोघांना 'कुठलं?' विचारलं तर नाव एक सांगेल आणि इतिहास दुसरं.

म्हणून तळटीपेत मी देशाचं विशेषण घालणारच नाही. 'बोर्श : बीट घालून केलेलं आंबटसर सूप, युक्रेन, रशिया, पोलंड या भागांत घरोघर होतं.' कथेतलं एखादं पात्र 'आमचं रशियन बोर्श' म्हणत असेल, तर ते तसंच ठेवा, तो त्याचा अभिमान आहे आणि अनुवादकाने तो दुरुस्त करायचा नसतो. संपादकांना उगमच हवा असेल तर 'मूळचं युक्रेनकडचं' लिहा. त्यातला 'कडचं' मला आवडतो. तो दिशा दाखवतो, कुंपण घालत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्याच वाक्यात अडेल : तो बोर्श की ते बोर्श? मूळ भाषांत पुल्लिंगी आहे. मराठीत मात्र 'सूप' नपुंसकलिंगी, त्याच्या ओढीने 'ते बोर्श' जिभेवर येतं, तेच ठेवा. आणि 'सुपात' लिहू नका. धान्य पाखडायचं सूप आणि प्यायचं सूप दोन्ही नपुंसकलिंगी, दोन्ही एकाच ऱ्हस्वदीर्घाने लिहिली जाणारी, पण बोलताना आपण गोंधळत नाही : जोंधळे सुपात असतात, मीठ सूपमध्ये कमी पडतं. त्याच न्यायाने 'बोर्शात' नको, 'बोर्शमध्ये' लिहा.